थूल इफेक्ट

नागसेन थूलच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढता काढताच गच्चीचा जिना शोधायचा. ताऱ्यांवर संशोधन करणारे प्राध्यापक म्हटल्यावर गच्चीवर दुर्बीण असणारच, हे त्याचं ठरलेलं असायचं. नागसेन मुकाट्यानं त्याला वर नेऊन दाखवायचा. वर पाण्याची काळी टाकी, कोरफडीच्या दोन कुंड्या आणि जुन्या साडीवर त्याच्या बायकोनं, माधवीनं, वाळत घातलेल्या कुरड्या. पाहुणा खाली येऊन चहा प्यायचा आणि जाताना त्याच्या चेहऱ्यावर आपण फसवलो गेल्याची भावना स्पष्ट दिसायची.

दुर्बीण होती, पण ती चिलीत होती. दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशात एका कोरड्या डोंगरावर एक यंत्र रोज रात्री आभाळाचे फोटो काढायचं, आणि त्या फोटोंतली लाखो ताऱ्यांची मोजमापं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली असायची. नागसेन वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आपल्या घरात, दुपारी कूलरसमोर बनियनवर बसून ती मोजमापं चाळायचा. रात्री दहाला तो झोपलेला असायचा. कॉलेजातल्या कोणाला हे खरं वाटत नसे.

तो मूळचा आंजीचा, मोठ्या आंजीचा. वडील प्रेमदास कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ते गेले तेव्हा नागसेन एम.एस्सी.ला होता. आई धुरपताबाई आंजीतच राहायची. मुलाकडे राहायला ये म्हटलं की म्हणायची, "तिथं लोकं दार लावून बसतेत. माह्या जीव घुसमटते." नागसेननं नागपुरात डॉक्टरेट केली आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागला. माधवी सेवाग्रामच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत होती. सगळं सरळ चाललं होतं. फक्त एक गोष्ट नागसेन कोणाला सांगायचा नाही. म्हणजे, सांगायचा, पण कोणी विचारायचंच नाही.

ती अशी. डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षी, २०१३ साली, त्यानं एक शोधनिबंध लिहिला होता. चिलीच्या त्या मोजमापांत त्याला एक मिणमिणता तारा सापडला. तो दर साडेएकोणतीस दिवसांनी थोडा मंद व्हायचा आणि पुन्हा पूर्ववत व्हायचा. नागसेननं निष्कर्ष काढला, की या ताऱ्याभोवती न दिसणारं काहीतरी मोठं फिरतंय आणि ते दर फेरीत ताऱ्याच्या आड येतंय. निबंधावर पहिलं नाव त्याचं, मग त्याच्या गाईडचं, मग आणखी एकाचं. परीक्षकांनी वाचला, नियतकालिकानं छापला. गाईडनी पेढे वाटले.

दर साडेएकोणतीस दिवसांनी आभाळात आणखी काय होतं, हे त्या पाच-सहा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दर पौर्णिमेला नागसेन स्वतः आईसोबत विहारात वंदनेला जायचा, तरी नाही.

वर्षभरानं चिलीतल्याच डॉ. मार्ता ऑलिव्हारेस नावाच्या बाईंनी निबंध लिहिला. त्यांनी दाखवून दिलं, की पौर्णिमेच्या आसपास चंद्राचा उजेड आभाळभर पसरतो, दुर्बिणीची आज्ञावली तो उजेड वजा करायला जाते आणि मिणमिणत्या ताऱ्यांच्या बाबतीत जरा जास्तच वजा करते. तारा मंद होत नव्हता. ताऱ्याभोवती काही फिरत नव्हतं. फिरत होता तो आपलाच चंद्र. बाई सभ्य होत्या. त्यांनी कुठं टिंगल केली नाही. फक्त सोयीसाठी या चुकीला एक नाव दिलं. निबंधात पहिलं नाव ज्याचं, त्याचंच दिलं. थूल इफेक्ट.

नागसेन तेव्हा दोन दिवस नीट जेवला नाही. गाईडनी फोनवर समजूत घातली, "असं होतं रे संशोधनात." त्यांचं नाव 'थूल आणि इतर'मधल्या इतरांत गेल्याचं समाधान त्यांच्या आवाजात लपत नव्हतं.

पुढं त्यानं अकरा निबंध लिहिले. सगळे बरोबर. एकेक आकडा सात-सात वेळा तपासलेला, प्रत्येक पौर्णिमा कॅलेंडरवर गोल करून बाजूला ठेवलेली. ते निबंध कोणी वाचले नाहीत. एकाचा उल्लेख तीन जणांनी केला होता, आणि त्या तिघांतला एक नागसेन स्वतःच होता. आणि तो चुकलेला निबंध? त्या दुर्बिणीची मोजमापं वापरणारा जगातला प्रत्येक जण आपल्या निबंधात एक ओळ लिहायचाच: 'आम्ही थूल इफेक्टची शक्यता तपासून पाहिली आहे.' आणि खाली संदर्भ द्यायचा. दहा-अकरा वर्षांत हे उल्लेख चारशेच्या वर गेले.

हे कॉलेजला कळलं ते मूल्यांकन समिती येणार म्हणून. प्रत्येक प्राध्यापकाचे निबंध किती, त्यांचे उल्लेख जगात कोणी किती वेळा केले, याचा तक्ता करायचं काम कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रफुल्लकडे आलं. वाणिज्य विभाग शून्य, मराठी विभाग दोन, रसायनशास्त्र एकोणीस असं भरत भरत तो 'थूल' या नावापाशी आला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि उठून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला.

प्राचार्य रूपराव ढगे यांनी तासाच्या मध्यातून नागसेनला बोलावून घेतलं. नागसेन गेला तर प्राचार्य खुर्चीतून उठून उभे. हे आजवर फक्त संस्थेच्या अध्यक्षांसाठी होत असे.

"थूल सर! तुमच्या नावाचा इफेक्ट आहे आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाही?"

"सर, तो इफेक्ट म्हणजे..."

"अहो, माणसाच्या नावानं इफेक्ट असायला माणूस मरावा लागतो. तुम्ही तर आमच्याच स्टाफरूममध्ये डबा खाता!"

"सर, ती चूक आहे."

"कोणाची?"

"माझी."

प्राचार्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्लनं प्राचार्यांकडे पाहिलं. "बघा," प्राचार्य म्हणाले, "इतका मोठा माणूस, आणि नम्रता किती! सर, समिती येईल तेव्हा ही नम्रता जरा घरी ठेवा."

नागसेननं सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. पौर्णिमा, उजेड, वजाबाकी, सगळं. प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी शांतपणे ऐकलं, मधूनमधून मानही डोलावली. शेवटी म्हणाले, "म्हणजे लोकं तुमचं नाव घेतात, बरोबर?"

"हो, पण चूक टाळायची म्हणून घेतात."

"घेतात ना? विषय संपला."

आठवड्याभरात कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. 'जगप्रसिद्ध थूल इफेक्टचे जनक'. नागसेनचा फोटो आणि मागं शनी ग्रह, ज्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आंजीहून बंडूजींचा फोन आला. बंडूजी म्हणजे धुरपताबाईंच्या शेजारचे, गावातल्या प्रत्येक बारशापासून निवडणुकीपर्यंतचे फ्लेक्स छापणारे. त्यांनी कॉलेजचा फ्लेक्स फेसबुकवर पाहिला होता आणि आंजीच्या बसस्टँडवर त्याहून मोठा लावून मोकळे झाले होते. त्यात धुरपताबाईंचाही फोटो होता, गोल चौकटीत.

नागसेन रविवारी मोटरसायकल काढून आंजीला गेला. आईला खरं सांगायचं आणि फ्लेक्स उतरवायला लावायचा, असं ठरवूनच गेला. धुरपताबाई अंगणात तूर निवडत बसली होती.

"माय, ते फ्लेक्सवर लिवलं ना, ते खरं नाई. माह्याकडून चूक झालती."

"कायची चूक?"

नागसेननं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तारा मंद होते असं वाटलं, मंग कळलं का तो तारा नव्हता, ते चंद्राच्यानं होत होतं.

धुरपताबाईचा हात सुपातच थांबला. "म्हंजे तूनं चंद्र शोधला?"

"नाई वं माय. चंद्र तं आहेच ना पहिलेपासून."

"मंग तुह्य नाव काऊन देल्लं त्याले?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे अख्खा शोधनिबंध पुन्हा सांगायचा. नागसेननं चहा घेतला आणि तुरीतले खडे वेचायला लागला. संध्याकाळी निघताना वाटेवरच्या दुकानातून बंडूजी ओरडले, "नागसेनभाऊ, जयभीम! चंद्रबी तुमीच शोधला म्हंते ना? धुरपतामाय सांगून राह्यली सगळ्याइले."

"बंडूजी, चंद्र तर तुमाले लहानपणापासून दिसते ना?"

"मले दिसते. त्या चिलीवाल्याइले दिसत नसन!"

नागसेननं गाडीला किक मारली. बंडूजी अनवधानानं किती खरं बोलले, चिलीच्या त्या दुर्बिणीला चंद्र खरंच नीट ओळखता आला नव्हता, हे त्याला पार पवनारच्या फाट्याकडं पोचल्यावर कळलं. आणि कळलं तेव्हा हेही कळलं, की आपण विचाराच्या नादात घराचं वळण केव्हाच मागं टाकलंय.

माधवीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. हसता हसता तिची पोळी नकाशासारखी झाली. "तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे एखादा रिपोर्ट चुकला तर चारशे लोक नाव घेत नाहीत. एकच जण घेतो, पण दारात उभा राहून घेतो."

"मला लाज वाटते, माधवी."

"कशाची? चुकल्याची, की चुकल्यावर लपून बसल्याची?"

"लपलो कुठं? सगळ्यांना तर सांगतोय."

"आमाले सांगता. त्या बाईशी बोलले का कधी? ज्यांनी चूक काढली त्यांच्याशी?"

डॉ. ऑलिव्हारेस यांनी आपला निबंध छापायच्या आधी त्याला मेल पाठवला होता. 'तुमच्या कामात मला एक अडचण दिसते आहे, आपण दोघं मिळून ती सोडवू या का?' असं त्यात लिहिलं होतं. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. आधी शरमेनं, मग उशीर झाला म्हणून, आणि मग फारच उशीर झाला म्हणून.

समिती आली तो दिवस कॉलेजनं सणासारखा साजरा केला. रांगोळ्या, लेझीम, फेटे. समितीत तीन जण होते आणि त्यातल्या एक बाई भौतिकशास्त्राच्या, नोकरीनिमित्त बंगळुरूला असलेल्या, पण मूळच्या अमरावतीच्या. हे प्राचार्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सभागृहात नागसेनला पुढं आणलं आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "आणि हे आमचे डॉ. थूल. जगप्रसिद्ध थूल इफेक्टचे जनक!"

बाईंनी फाईलमधून मान वर केली. "थूल इफेक्ट? तो चंद्राचा?"

"हो मॅडम," प्राचार्य आनंदानं म्हणाले, "आपल्यापर्यंत पोचलाय म्हणजे!"

"पोचलाय म्हणजे काय! माझ्या एका विद्यार्थिनीचे आठ महिने गेले त्यात. सुंदर शोध लागला म्हणून नाचत आली होती. शेवटी निघाला थूल इफेक्ट." त्यांनी नागसेनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तर तुम्ही ते! मला वाटायचं थूल म्हणजे कोणीतरी नॉर्वेचा म्हातारा असेल."

"नाही मॅडम. आंजीचा आहे." "ती माझी चूक होती."

"चूकच की! केवढी मोठी!"

प्राचार्यांच्या हातातल्या माईकनं एक बारीक शिट्टी मारली. लेझीमच्या पोरांना वाटलं आपल्याला इशारा झाला. त्यांनी मागून दोन ठोके वाजवले आणि कोणीतरी त्यांना गप्प केलं.

बाई मात्र हसत होत्या. खळखळून, फाईल छातीशी धरून. मग म्हणाल्या, "पण सर, ही चूक तुमच्या आधी निदान दहा जणांनी केली असणार. त्यांनी कुठं तरी कोपऱ्यात छापली आणि कोणाच्या लक्षात आली नाही. तुम्ही एवढी स्वच्छ मांडलीत, प्रत्येक पायरी उघडी ठेवलीत, म्हणून मार्ताला ती पकडता आली. ती अजून तुमच्याबद्दल विचारत असते. म्हणते, त्या माणसानं माझ्या मेलला उत्तर दिलं नाही, रागावला वाटतं."

"रागावलो नाही," नागसेन पुटपुटला.

"मग कळवा की तिला."

समितीनं कॉलेजला चांगले गुण दिले. कोणी किती वेळा नाव घेतलं, एवढंच त्यांच्या फॉर्मात विचारलं होतं. कशासाठी घेतलं, याला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी स्टाफच्या सभेत प्राचार्य म्हणाले, "थूल सरांकडून आपण शिकलं पाहिजे. चूक करायची तर अशी करा, की जगानं दखल घ्यावी. नाहीतर तुम्ही! तुमच्या चुका मलाच दुरुस्त कराव्या लागतात." मराठी विभागानं या वाक्याला टाळ्या वाजवल्या, त्या कोणासाठी ते समजलं नाही.

नागसेननं त्या रविवारी दुपारी लॅपटॉप उघडला. बराच वेळ काहीबाही लिहून खोडत राहिला. शेवटी दोनच वाक्यं उरली. 'आपला मेल मिळाला. उत्तराला थोडा उशीर झाला, क्षमस्व.'

चिलीत तेव्हा पहाट असावी. तरी उत्तर संध्याकाळच्या चहाच्या आत आलं. 'काही हरकत नाही. काम कधी सुरू करायचं?'

काम होतं थूल इफेक्टच मोडीत काढायचं. प्रत्येक ताऱ्याच्या अगदी शेजारचं आभाळ वेगळं मोजून चंद्राचा उजेड नेमका तेवढाच वजा करायचा, म्हणजे ही चूक पुन्हा कोणाच्या वाट्याला यायलाच नको. दर शुक्रवारी संध्याकाळी नागसेन आणि मार्ताबाई व्हिडिओ कॉलवर बोलायचे. तिकडं सकाळ, इकडं लग्नसराई. घराच्या मागंच मंगल कार्यालय होतं, त्यामुळं चंद्राच्या उजेडाचं गणित बँडच्या तालावर चालायचं. दोन-तीन शुक्रवार गेल्यावर मार्ताबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे दर आठवड्याला केवढा मोठा उत्सव असतो! विज्ञानासाठी का?" नागसेननं हो म्हणून टाकलं. त्या चुकीनंतर पहिल्यांदाच त्यानं न तपासता एखादं विधान केलं.

प्राचार्यांना हे काम कळलं तेव्हा ते हवालदिल झाले. "म्हणजे सर, तुम्ही ही चूक दुरुस्त केली की लोकं तुमचं नाव घेणं बंद करतील?"

"हळूहळू. हो."

"मग पाच वर्षांनी समिती परत येईल तेव्हा?"

"तेव्हा आकडा कमी दिसेल सर."

"थांबवता येणार नाही का? निदान पाच वर्षं?"

नागसेननं नाही म्हटलं. प्राचार्यांना कोणी इतकं सरळ नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा घातला.

निबंध छापून आला. दोनच नावं, थूल आणि ऑलिव्हारेस. दुर्बीणवाल्यांनी ती पद्धत आपल्या आज्ञावलीतच घालून टाकली, त्यामुळं मोजमापं आपोआप शुद्ध होऊन यायला लागली. आपोआप होणाऱ्या गोष्टीचे कोणी आभार मानत नाही. नव्या निबंधाला मोजके उल्लेख मिळाले, जुन्याचे वाढायचे थांबले. प्रफुल्ल महिन्यातून एकदा आकडा पाहायचा आणि एखाद्या आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात म्हणायचा, "सर, या महिन्यातही काही हालचाल नाही."

नागसेन मात्र बदलला होता. तो पुन्हा धीट झाला. मार्ताबाई आणि त्यानं मिळून दुसऱ्याच एका ताऱ्यावर लेख पाठवला आणि त्यात एक मोठं, ठाम विधान केलं. लेखकांची नावं झाकून तो परीक्षकाकडे गेला होता. त्याचं उत्तर आलं. नाव न सांगणाऱ्या त्या परीक्षकानं लिहिलं होतं: 'लेखकांना कदाचित माहीत नसेल, पण या दुर्बिणीच्या मोजमापांत थूल इफेक्ट नावाचा एक दोष असतो. त्यांनी तो एकदा वाचून घ्यावा.' नागसेननं ते माधवीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोघंही इतकी हसली, की शेजारच्या शोभाबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.

या हिवाळ्यात मार्ताबाई पुण्याला एका परिषदेसाठी आल्या आणि तिथून रेल्वेनं वर्ध्याला उतरल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पाठीवर पोरांसारखी पिशवी. नागसेननं त्यांना आंजीला नेलं, कारण आईचा तसा हुकूम होता. धुरपताबाईनं भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. मार्ताबाई मांडी घालून खाली बसल्या आणि ठेचा असा खाल्ला, की धुरपताबाईचा त्यांच्याबद्दलचा संशय बराचसा मावळला. सगळा मावळला नव्हता.

"हेच बाई का तुह्यी चूक काढणारी?"

"हो माय."

"तिले विचार, दुसऱ्याच्या पोराची चूक काढाले इतक्या दुरून काऊन पाह्यत बसली होती?"

नागसेननं इंग्रजीत सांगितलं. मार्ताबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "सांगा त्यांना, मी चूक शोधत नव्हते. मलाही तोच तारा आवडला होता. तुमच्या मुलानं माझ्या आधी छापलं, म्हणून मला राग आला होता."

नागसेननं हे पहिल्यांदाच ऐकलं. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यानं ते आईला वऱ्हाडीत सांगितलं. धुरपताबाईनं मार्ताबाईंकडे जरा वेळ पाहिलं आणि टोपलीतली आणखी एक भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली.

"म्हंजे चुकणार तं हेबी होती," ती म्हणाली. "तिले म्हन, पोटभर खा. लाजू नोको."

मार्ताबाईंनी काय म्हणतात म्हणून विचारलं. नागसेन हसू दाबत म्हणाला, "म्हणते, भाजी अजून घ्या." आणि त्यानं भाजीचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.